विश्लेषण : साचा नाही, कोरीवकाम नाही... वीज वाहणारे प्लास्टिक नॅनोधाग्यांचा आकार आपोआप कसे घेते?

काचेच्या छोट्या बाटलीत एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव. तळाशी ॲनिलीन विरघळवलेला सेंद्रिय द्रावक आणि त्यावर आम्लयुक्त पाणी. काही मिनिटांत दोघांच्या सीमेवर हिरवा रंग उमटतो आणि हळूहळू वरच्या पाण्यात पसरत जातो. हे हिरवे पाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असे असंख्य धागे दिसतात. हे धागे प्लास्टिकच्या कुळातले, पण त्यांतून वीज वाहते. ते कोणी विणलेले नसतात, साच्यातून काढलेले नसतात. रासायनिक अभिक्रिया सुरू असतानाच ते तसे घडतात. याला रसायनशास्त्रात स्वयंरचना किंवा ‘सेल्फ असेम्ब्ली’ म्हणतात. वायुगळती ओळखणाऱ्या स्वस्त सेन्सरपासून ऊर्जा साठवणाऱ्या उपकरणांपर्यंत या धाग्यांकडून मोठ्या अपेक्षा आहेत. मात्र हे धागे दर वेळी सारखेच घडतील याची खात्री देणे सोपे नाही. असे का, याचा हा आढावा.

प्लास्टिकमधून वीज कशी वाहते?

विजेच्या वायरीवर प्लास्टिकचे आवरण असते, कारण प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, अर्थात लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. पॉलिथीनसारख्या साखळीत इलेक्ट्रॉन अणूंमधील बंधांत अडकून पडलेले असतात. मात्र काही पॉलिमरमध्ये साखळीतील बंध एकआड एक एकेरी आणि दुहेरी असतात. अशा साखळीत इलेक्ट्रॉनना पुढे सरकण्यासाठी वाट तयार होते.

नुसती वाट असून भागत नाही, पुढे जागाही लागते. खचाखच भरलेल्या लोकलच्या डब्यात कोणालाच हलता येत नाही. एक प्रवासी उतरला की मागचा पुढे सरकतो, मग त्याच्या मागचा. पॉलिमरच्या साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले किंवा तिला आम्लातील प्रोटॉन दिले, की अशीच रिकामी जागा निर्माण होते आणि वीज वाहू लागते. या प्रक्रियेला ‘डोपिंग’ म्हणतात. खेळाडूंच्या डोपिंगशी त्याचा संबंध नाही. सिलिकॉनमध्ये अन्य मूलद्रव्ये मिसळून त्याची वाहकता वाढवतात, त्या प्रक्रियेवरून हा शब्द आला आहे.

हा शोध कसा लागला?

या शोधाची सुरुवात एका चुकीतून झाली. १९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन तयार करताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चमकणारा पापुद्रा मिळाला. पुढे १९७५ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायरमिड टोकियोत आले असताना त्यांच्या कानावर ही गोष्ट आली. त्यांनी शिराकावा यांना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावले. तेथे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर यांच्यासह तिघांनी त्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली आणि वाहकता जवळपास एक कोटी पटींनी वाढली. हे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००० मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पॉलिॲसिटिलीनची अडचण अशी, की ते हवेत टिकत नाही. त्यामुळे संशोधकांची नजर अधिक टिकाऊ आणि स्वस्त अशा दुसऱ्या पॉलिमरकडे वळली. ते म्हणजे पॉलिॲनिलीन.

पॉलिॲनिलीन आणि नीळ यांचा संबंध काय?

ॲनिलीन हा शब्द मराठी वाचकाला परका वाटेल, पण त्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृत ‘नील’ हा शब्द अरबीतून पोर्तुगीज भाषेत ‘अनिल’ झाला. अर्थ तोच, नीळ. १८२६ मध्ये ओटो उन्फरडोर्बेन यांनी नीळ तापवून तिच्यापासून एक तेलकट पदार्थ मिळवला. १८४० मध्ये कार्ल फ्रिट्शे यांनी नीळेवर कॉस्टिक पोटॅशची प्रक्रिया करून तोच पदार्थ मिळवला आणि त्याला ॲनिलीन हे नाव दिले. तो कोळशाच्या डांबरातूनही मिळतो आणि कृत्रिम रंगांचा उद्योग नंतर त्यावर उभा राहिला.

१८६२ मध्ये लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या पट्टीवर निळसर काळा थर जमला. तो पॉलिॲनिलीनचाच प्रकार होता. कापड काळे रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ॲनिलीन ब्लॅक’चे कूळही हेच. म्हणजे हे पॉलिमर माणसाच्या हातात शतकाहून अधिक काळ होते. ते वीज वाहू शकते याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. १९८०च्या दशकात मॅकडायरमिड यांनी त्याचा नव्याने अभ्यास केला, तेव्हा चित्र बदलले.

पॉलिॲनिलीनचे वैशिष्ट्य त्याच्या रंगात दिसते. आम्ल मिळाले की ते हिरवे होते आणि वीज वाहते. अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की प्रोटॉन निघून जातात, रंग निळा होतो आणि वाहकता जवळपास नाहीशी होते. पुन्हा आम्ल दिले की पुन्हा हिरवे. हा बदल अनेकदा उलटसुलट करता येतो.

नॅनो आकार कशासाठी हवा?

आम्लयुक्त पाण्यात ॲनिलीन घेऊन त्यात अमोनियम परसल्फेट हा ऑक्सिडीकारक मिसळला, की पॉलिॲनिलीन तयार होते. कृती सोपी आणि कच्चा माल स्वस्त. पण पारंपरिक पद्धतीने मिळते ती गुठळ्यांची हिरवी भुकटी. ती नीट वितळत नाही आणि नेहमीच्या द्रावकांत सहज विरघळत नाही. साध्या प्लास्टिकप्रमाणे तिला तापवून आकार देता येत नाही. उद्योगांसाठी मोठा अडथळा तोच ठरला.

दुसरा मुद्दा पृष्ठभागाचा. सेन्सरमध्ये वायू पदार्थाच्या पृष्ठभागाला भेटतो, सुपरकपॅसिटरमध्ये विद्युतभारही मुख्यतः पृष्ठभागाजवळ साठतो. साधा हिशेब करून पाहू. पॉलिॲनिलीनची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.३ ग्रॅम धरली आणि एक ग्रॅम पदार्थाची १ मिलिमीटर जाडीची तार काढली, तर तिचा पृष्ठभाग भरेल सुमारे ३० चौरस सेंटिमीटर. एटीएम कार्डाच्या एका बाजूपेक्षाही कमी. त्याच एक ग्रॅमचे ५० नॅनोमीटर जाडीचे धागे केले, तर पृष्ठभाग होतो सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फूट. मुंबईतील टू बीएचके सदनिकेएवढा! पदार्थ तोच, वजन तेवढेच; फक्त जाडी बदलली.

साच्याची पद्धत का मागे पडली?

एवढे बारीक धागे काढायचे कसे? एक मार्ग साच्याचा. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मार्टिन यांनी ही पद्धत रूढ केली. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा पॉलिकार्बोनेटच्या पातळ पडद्यात नॅनो मापाची आरपार छिद्रे असतात. त्या छिद्रांत पॉलिमर तयार करायचे आणि नंतर पडदा विरघळवून टाकायचा. मागे राहतात ते छिद्राच्याच जाडीचे धागे किंवा नळ्या.

पण मोदकाचा साचा उघडून पुन्हा वापरता येतो, इथे दर खेपेला साचाच नष्ट करावा लागतो. साचा विरघळवणारी रसायने कधी कधी धाग्यांनाही इजा करतात, धागे एकमेकांना चिकटतात. शिवाय हाती येतो तो माल अत्यल्प. प्रयोगशाळेत अभ्यासासाठी हे ठीक. किलोच्या हिशेबात उत्पादन करायचे तर खर्च परवडणारा नाही.

स्वयंरचना म्हणजे नेमके काय?

साबणाचे रेणू पाण्यात काय करतात, हे पाहिले की स्वयंरचना समजते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. पाण्यात पुरेसा साबण असला की हे रेणू पाणी टाळणारी टोके आत आणि पाणी आवडणारी टोके बाहेर ठेवून गोळा होतात. या पुंजक्याला ‘मायसेल’ म्हणतात. त्यांना कोणी रांगेत उभे करत नाही. रेणूंमधील आकर्षण आणि प्रतिकर्षण यांतून ती रचना आपोआप होते.

बीजिंगमधील चिनी विज्ञान अकादमीच्या रसायनशास्त्र संस्थेत मेइशियांग वान यांच्या गटाने १९९०च्या दशकापासून याच तत्त्वाचा उपयोग केला. त्यांनी आम्ल म्हणून नॅप्थलीन सल्फोनिक आम्लासारखे मोठे रेणू निवडले. हे आम्ल दोन कामे करते. एक म्हणजे पॉलिमरचे डोपिंग, दुसरे म्हणजे ॲनिलीनबरोबर साबणासारखे पुंजके करणे. या गटाच्या मते ते पुंजकेच मऊ साच्याचे काम करतात आणि त्यांच्याभोवती पॉलिॲनिलीनच्या नळ्या वाढतात. आम्लाचे आणि ॲनिलीनचे प्रमाण, तापमान, वेळ यांत बदल केला की नळ्या, धागे किंवा पोकळ गोळे मिळतात. साचा नंतर काढून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत काय घडले?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संकुलातील रिचर्ड केनर हे मॅकडायरमिड यांचे विद्यार्थी. २००३ मध्ये त्यांचा विद्यार्थी जियाशिंग हुआंग आणि ‘द एरोस्पेस कॉर्पोरेशन’मधील संशोधकांसह त्यांनी आणखी सोपी पद्धत मांडली. सुरुवातीला वर्णन केलेली दोन थरांची बाटली ती हीच. ॲनिलीन एका थरात आणि ऑक्सिडीकारक दुसऱ्या थरात असल्यामुळे दोघांची गाठ फक्त सीमेवर पडते. तयार झालेले हिरवे पॉलिमर पाण्याकडे ओढ घेते, म्हणून ते सीमा सोडून पाण्याच्या थरात जाते. इथे साबणासारखा खास रेणूही लागत नाही. साधे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तरी सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे धागे मिळतात, तर परक्लोरिक आम्ल वापरले की ते सुमारे १२० नॅनोमीटरपर्यंत जाड होतात.

खरा प्रश्न होता, दोन थरांमुळे असे काय साधते? बाटलीतून वेगवेगळ्या वेळी नमुने काढून पाहिल्यावर लक्षात आले, की पॉलिॲनिलीन पहिल्यांदा जन्मते ते धाग्यांच्याच रूपात. अगदी पारंपरिक पद्धतीतही. गुठळ्या होतात त्या नंतर. पारंपरिक कृतीत ऑक्सिडीकारक थेंबाथेंबाने घालतात. त्यामुळे आधी तयार झालेल्या धाग्यांना नवा माल मिळत राहतो, त्यांच्यावर पुटे चढतात आणि धाग्यांची भुकटी होते. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर चढावी, तसेच. दोन थरांच्या बाटलीत धागे जन्मले की सीमेपासून दूर निघून जातात, म्हणून पुटे चढायला वावच मिळत नाही.

मग दोन थरांची गरज आहे का?

हे उत्तर मिळाल्यावर सेंद्रिय द्रावकाची गरज संपली. २००४ मध्ये हुआंग आणि केनर यांनी दाखवले, की ऑक्सिडीकारकाचे सगळे द्रावण ॲनिलीनच्या द्रावणात एकदम ओतून झटकन मिसळले, तरी धागे मिळतात. कारण सगळीकडे एकाच वेळी अभिक्रिया सुरू होते, कच्चा माल धागे जन्मण्यातच खर्ची पडतो आणि पुटे चढवायला फारसे काही शिल्लक राहत नाही. हा बदल लहान वाटेल, पण त्याचे मोल मोठे आहे. दोन थरांच्या पद्धतीत वापरल्या गेलेल्या द्रावकांपैकी कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी आणि ओझोनच्या थराला मारक आहे. झटपट मिश्रणात द्रावक म्हणून लागते ते फक्त पाणी.

पण मिसळल्यानंतर काय करायचे? काहीच नाही. २००६ मध्ये डॅन ली आणि केनर यांनी दाखवले, की अभिक्रिया सुरू असताना द्रावण ढवळत राहिले किंवा हलवले तर धागे एकमेकांना चिकटून गोळे होतात. स्थिर ठेवले तर सुटे राहतात. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात जेम्स बाँडच्या प्रसिद्ध संवादाची फिरकी घेतलेली होती. रसायनशास्त्राच्या प्रयोगात ढवळणे ही इतकी सवयीची गोष्ट, की तिच्यामुळेच माल बिघडतो आहे हे बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

त्याच सुमारास टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस संकुलातील संजीव मनोहर यांच्या गटाने आणखी एक युक्ती वापरली. अभिक्रियेच्या सुरुवातीला आधीच्या नॅनोधाग्यांचा किंचितसा अंश टाकला, तर पुढचा सगळा माल धाग्यांच्या रूपात येतो. दुधाला विरजण लावावे तसे! विशेष म्हणजे ते विरजण पॉलिॲनिलीनचेच असावे असेही नाही, दुसऱ्या पदार्थाचे नॅनोधागेही चालतात.

आकार नेमका कशामुळे घडतो, यावर मतभेद का?

कृती ठरली असली, तरी कारणांवर एकमत नाही. वान यांच्या गटाचा भर मायसेलवर आहे. केनर यांच्या गटाच्या मते धागा हा पॉलिॲनिलीनचा स्वाभाविक आकार आहे आणि त्याला पुढच्या वाढीपासून वाचवणे एवढेच काम आपल्याकडे उरते. प्राग येथील यारोस्लाव स्टेस्काल आणि मिरोस्लावा त्रहोव्हा यांनी तिसरी मांडणी केली. अभिक्रियेच्या सुरुवातीला द्रावणाची आम्लता कमी असेल, तर आधी काही मोजक्या कड्यांच्या छोट्या साखळ्या तयार होतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत, एकमेकींवर रचल्या जातात आणि या रचनेवर पुढची लांब साखळी वाढते. अभिक्रियेत स्वतःहून आम्ल तयार होत असल्याने द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, सतत खाली येतो. त्यामुळे एकाच भांड्यात पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाची परिस्थिती वेगळी असते.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. कारण माहीत असेल तर कोणता घटक काटेकोर सांभाळायचा हे कळते. मायसेल महत्त्वाचे असतील तर आम्लाच्या रेणूची निवड निर्णायक. सुरुवातीच्या छोट्या साखळ्या महत्त्वाच्या असतील तर सामू निर्णायक. पुटे चढणे हाच मुद्दा असेल तर मिसळण्याचा वेग निर्णायक. वेगवेगळ्या कृतींमध्ये वेगवेगळे कारण प्रभावी ठरत असावे, असेही मानले जाते.

उपयोग कुठे होऊ शकतो?

सर्वात थेट उपयोग वायू ओळखणाऱ्या सेन्सरचा. बर्फाचे कारखाने, शीतगृहे, मासळी प्रक्रिया केंद्रे येथे शीतकरणासाठी अमोनिया वापरला जातो आणि त्याची गळती जिवावर बेतू शकते. अमोनिया पॉलिॲनिलीनमधील प्रोटॉन ओढून घेतो, त्यामुळे विद्युतरोध वाढतो. हा फरक साध्या सर्किटने मोजता येतो आणि त्यासाठी सेन्सर तापवावा लागत नाही. धातूंच्या ऑक्साइडवर चालणारे अनेक सेन्सर काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. तेथे वीज खर्च होते.

नॅनोधाग्यांमुळे यात वेगाची भर पडते. साध्या पापुद्र्यात वायूला पृष्ठभागापासून आत झिरपावे लागते, म्हणून थर जाड असेल तर प्रतिसाद मंद. धाग्यांच्या थरात मधून मधून पोकळी असल्याने वायू सगळीकडे लगेच पोहोचतो. २००३च्या प्रयोगात धाग्यांचा थर साध्या थरापेक्षा जलद प्रतिसाद देतो आणि त्याची जाडी वाढवली तरी वेग फारसा घटत नाही, असे दिसले. एरोस्पेस क्षेत्रातील संशोधकांना यात रस असण्याचे एक कारण हायड्राझिन. रॉकेटच्या इंधनात वापरला जाणारा हा विषारी पदार्थ ओळखण्यासाठीही पुढे हे धागे तपासले गेले.

दुसरा फायदा हाताळणीचा. हे धागे किंचित आम्लयुक्त पाण्यात तरंगत राहतात, कारण प्रत्येक धाग्यावर धन विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. जे पॉलिमर वितळत नव्हते आणि सहज विरघळत नव्हते, ते शाईसारखे पसरवता येऊ लागले. महाराष्ट्रातही पॉलिॲनिलीनवर काम होत आले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात सेन्सरच्या, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सुपरकपॅसिटरच्या अंगाने या पॉलिमरचा अभ्यास झाला आहे.

एक उपयोग तर अपघातानेच सापडला. हुआंग यांनी वाळलेल्या धाग्यांच्या थराचा फोटो काढताना कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला आणि थरातून फट् असा आवाज आला. धागे प्रकाश शोषतात, त्याची उष्णता होते आणि ती चटकन बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे क्षणात धागे वितळून एकमेकांना जोडले गेले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘फ्लॅश वेल्डिंग’ने थरावर हवी ती नक्षी उमटवता येते. नको तेथे झाकण ठेवायचे, इतकेच.

मग बाजारात हे धागे का दिसत नाहीत?

विद्युतवाहक पॉलिमर बाजारात नाहीत असे नाही. पेडॉट नावाचे पॉलिमर लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील कपॅसिटरमध्ये आणि स्थितिक वीज रोखणाऱ्या लेपांमध्ये वापरले जाते. पॉलिॲनिलीनच्या नॅनोधाग्यांपुढे मात्र काही अडचणी आहेत.

पहिली वाहकतेची. पॉलिॲनिलीन तांब्याची जागा घेऊ शकत नाही. तांब्याची वाहकता सेंटिमीटरला सुमारे सहा लाख सीमेन्स आहे, तर नेहमीच्या पॉलिॲनिलीनची काही सीमेन्स. दुसरी अडचण पाण्याची. साध्या, आम्ल नसलेल्या पाण्यात त्याचे डोपिंग उतरते आणि वाहकता जाते, त्यामुळे शरीरात बसवायच्या उपकरणांत ते सहज वापरता येत नाही. तिसरी, सेन्सरच्या बाबतीत हवेतील दमटपणाही रोध बदलतो. कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात एकच सेन्सर वेगवेगळे आकडे दाखवू लागला, तर त्याच्यावर विसंबणार कसे? चौथी, सुपरकपॅसिटरमध्ये वारंवार चार्ज-डिस्चार्ज होताना पॉलिमर फुगते आणि आकसते, त्यातून त्याची ताकद घटत जाते. शिवाय ॲनिलीन स्वतः विषारी आहे. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ते कमी करते. त्यामुळे कारखान्यात काटेकोर खबरदारी आणि सांडपाण्याची व्यवस्था लागते.

सर्वात मोठी अडचण सातत्याची?

आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटना आययूपीएसीने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अहवाल या संदर्भात बोलका आहे. वेगवेगळ्या देशांतील पाच संस्थांमधील आठ जणांनी एकच ठरवून दिलेली साधी कृती वापरून पॉलिॲनिलीन तयार केले. त्यात नॅनोधाग्यांचा आग्रह नव्हता, नेहमीची भुकटी होती. एकूण ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता भरली सेंटिमीटरला ४.४ सीमेन्स आणि त्यातील फरक होता १.७ सीमेन्सचा. पॉलिमरच्या जगात हे सातत्य चांगले मानले गेले. पण इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर सरासरीच्या ३९ टक्क्यांएवढा हा फरक बराच मोठा आहे. त्यावर धाग्याची जाडी, लांबी, सुटेपणा या अटी वाढल्या की काम आणखी अवघड होते.

स्वयंरचनेची गोम इथेच आहे. साच्यात छिद्राचे माप ठरलेले असते, त्यामुळे धाग्याचेही ठरते. स्वयंरचनेत साच्याचा खर्च वाचतो, पण माप ठरवण्याचे काम तापमान, सामू, मिसळण्याचा वेग आणि द्रावणाची स्थिरता यांच्याकडे जाते. छोट्या बाटलीत द्रावण क्षणात मिसळते. हजार लिटरच्या टाकीत तसे होत नाही. टाकीच्या एका कोपऱ्यात अभिक्रिया सुरू झालेली असते, तेव्हा दुसरा कोपरा अजून थांबलेला असतो. शिवाय या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. बाटलीतली उष्णता काचेतून निघून जाते, टाकीच्या मधोमध ती साठून राहते. त्यावर उपाय म्हणून ढवळावे, तर धाग्यांचे गोळे होतात.

म्हणूनच मोठ्या टाकीऐवजी बारीक नळ्यांतून दोन्ही द्रावणे सतत वाहती ठेवून मिसळण्यासारखे पर्याय विचारात घेतले जातात. तेथे प्रत्येक थेंबाला मिसळण्यासाठी सारखाच वेळ मिळतो. अमोनियाच्या गळतीची सूचना देणारा सेन्सर बर्फाच्या कारखान्यातील कामगाराच्या खिशाला परवडेल इतका स्वस्त होणे या पदार्थामुळे शक्य आहे. पण त्या कामगाराला सेन्सर हातात घेताना तो इतर सेन्सरइतकाच खात्रीचा आहे, असा भरवसा हवा असतो. धागे घडवण्याची कृती दोन दशकांपूर्वीच सापडली. आजच्या खेपेचे धागे कालच्या खेपेसारखेच निघतील, याची हमी देण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.